डॉक्टरबाईंचा मोकळा दिवस

आमच्या पुढच्या खोलीचे दोन भाग आहेत. खिडकीकडच्या भागात माझं शिलाईचं मशीन, इस्त्री आणि दुरुस्तीला आलेल्या कपड्यांचा ढीग. दाराकडच्या भागात ह्यांचं टेबल, तीन खुर्च्या आणि पंचांगांचं कपाट. मध्ये पडदा, तोही मीच शिवलेला. पडद्यामुळे दिसत काही नाही, पण ऐकू सगळं येतं. लोकांच्या पँटी उंचीला कमी करता करता मी लोकांचे शनी-मंगळही वर्षानुवर्षं ऐकत आलेय, आणि एवढं ऐकल्यावर माणूस एकतर भक्त होतो, नाहीतर माझ्यासारखा होतो.

पण ह्यांचं गणित चोख आहे, हे मी शपथेवर सांगेन. अजूनही कागद-पेन्सिल घेऊन बसतात. संगणकावर पत्रिका काढणाऱ्यांचं नाव काढलं की नाक मुरडतात. "यंत्राला काय कळतंय, ते नुसती बेरीज करतं," म्हणतात, जसं काही हे स्वतः बेरजेशिवाय दुसरं काही करतात. आम्ही राहतो परदेशात, पंचांग येतं ते लांबून, मायदेशातून छापून येतं. त्यातल्या वेळा तिकडच्या घड्याळाच्या असतात. त्या इथल्या घड्याळात बसवायच्या तर मधला फरक वजा करायचा. ही वजाबाकी ज्योतिष शिकायला बसलेल्याला पहिल्याच दिवशी शिकवतात. हे ती झोपेतही चुकणार नाहीत. आणि "माझी चूक झाली" असं मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलेलं नाही, माझ्याशी भांडताना तर नाहीच नाही.

बाळंतपणाच्या मुहूर्तांची गोष्ट मात्र वेगळी होती.

हल्ली ऑपरेशन ठरलं की लोक आधी ज्योतिषाकडे येतात. कापून काढायचंच आहे तर चांगल्या वेळेवर काढू, असा हिशेब. पहिल्यांदा असं जोडपं आलं तेव्हा ह्यांनी मोठ्या हौसेने मुहूर्त काढून दिला, भल्या पहाटेचा. दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलमधून डॉक्टरबाईंचा फोन. आवाज एवढा की मला मशीनवर ऐकू आला. "पंडितजी, तुमचे ग्रह पहाटे उठत असतील, माझा भूल देणारा उठत नाही. बाई आणि बाळ माझ्या टेबलावर असतात, तुमच्या नाही. पुन्हा असली वेळ पाठवलीत तर मी तुमच्या दारात येऊन बसेन."

ह्यांनी तोंड फुगवलं. दोन दिवस घरात कुणाशी धड बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी मला न सांगता डॉक्टरबाईंना भेटून आले, आणि त्यानंतर ह्यांची पद्धतच बदलली. जोडपं आलं की नाव, गाव, सगळं लिहून घ्यायचे आणि म्हणायचे, "गणित मोठं आहे, उद्या या." ते जिना उतरले की डॉक्टरबाईंना फोन. "बाई, बाळाला कधी बरं पडेल? तुम्ही कधी मोकळ्या?" बाई दिवस सांगायच्या, वेळ सांगायच्या. मग हे पंचांग उघडून त्या दिवसात काय काय चांगलं आहे ते शोधायचे. शोधायला बसलं की कुठल्याही दिवसात काहीतरी सापडतंच. दुसऱ्या दिवशी जोडपं आनंदाने जायचं, डॉक्टरबाई खूश, बाळं धडधाकट. ह्यांच्या सगळ्या ज्योतिषात मला हा एवढा भाग मनापासून आवडायचा.

हे ठाऊक होतं फक्त आम्हा तिघांना. आमच्या लेकीलाही नव्हतं. तिला लहानपणापासून आम्ही मनी म्हणतो, कारण पायात घोटाळायची आणि कुठेही मुटकुळं करून झोपायची. बापावर तिचा भारी जीव. मी काही सांगितलं की शंभर प्रश्न, बाबांनी सांगितलं की ब्रह्मवाक्य. पहिल्या बाळंतपणाला ती आमच्याकडे आली. जावई कामावर, सुट्टी ऑपरेशनच्या दिवसापासून. बाळ पोटात पाय खाली करून बसलेलं, म्हणजे पायाळू. डॉक्टरबाई म्हणाल्या, वाट बघायची नाही, ऑपरेशनच करू. आणि माझ्यादेखत तिला दोनदा बजावलं, "त्याआधी पाणी गेलं तर केसही विंचरत बसायचं नाही, तशीच निघून यायचं. बाळाचं डोकं वर आहे. पाण्याबरोबर नाळ खाली घसरली आणि दबली, तर बाळाचा श्वासच बंद होतो." मनीने मान हलवली.

घरी आल्यावर तिने ह्यांना मुहूर्त विचारला. हे "उद्या सांगतो" म्हणाले आणि आत जाऊन दार लावून डॉक्टरबाईंना फोन केला. बाई म्हणाल्या, गुरुवारी सकाळी पहिलंच ऑपरेशन हिचं घेते. ह्यांनी पंचांग उघडलं आणि एकटेच हसायला लागले. तो गुरुवार म्हणजे पाडवा निघाला. "अगं, काढायला बसलो असतो तरी एवढा चांगला दिवस मिळाला नसता," मला म्हणाले. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

दर वसंतात हे एका सभागृहात व्याख्यान देतात, सणांचा आध्यात्मिक अर्थ वगैरे. मी दरवर्षी जाते आणि दरवर्षी मागच्या रांगेत बसून काजं-बटणं करते. यंदा मनी पहिल्या रांगेत बसली होती, पोटावर हात ठेवून. हे बोलतात छान, ते नाकारण्यात अर्थ नाही. म्हणाले, "होळीत आपण लाकडं जाळत नाही, वर्षभर साठवलेलं जाळतो. मन रिकामं करतो. मग चंद्र रोज थोडा थोडा झिजत जातो, आणि अमावास्येला काहीच उरत नाही. त्या काहीच नसण्यातून पाडवा उगवतो. म्हणून या पंधरवड्यात नवं काही मागू नये, नवं काही आणू नये. जग तेव्हा रिकामं असतं, येणाऱ्याला झेलायला कुणी नसतं." लोकांनी टाळ्या वाजवल्या. घरी येताना मी ह्यांना म्हटलं, "त्या पंधरवड्यात जन्मलेल्यांना कोण झेलतं मग, महापालिका?" हे म्हणाले, "तुला अलंकार कळत नाहीत." मनी आमच्यामागून चालत होती.

बुधवारी अमावास्या होती. दुपारी माझ्याकडे एका कोटाचं अस्तर बदलायचं काम होतं, आणि आतून लावायला मला मऊ फ्लॅनेल हवं होतं. मशीनखाली मी चिंध्यांची पिशवी ठेवते. फ्लॅनेलचे चांगले मोठे तुकडे होते त्यात, आठवड्यापूर्वीच नीट घड्या घालून ठेवले होते. पिशवीत हात घातला तर एकही नाही. मी पिशवी उलटी केली. सगळं होतं, फ्लॅनेल तेवढं नव्हतं. आधी वाटलं, बाळासाठी दुपटी करायला मनीने घेतले असतील. तिला विचारायला म्हणून उठले, वाटेत न्हाणीघरात हात धुवायला गेले. कोपऱ्यात बादलीवर पाट पालथा घातला होता. आमच्याकडे बादलीवर पाट कोण घालतं? पाट उचलला. खाली माझं फ्लॅनेल, सगळंच्या सगळं, ओलंचिंब. वास घेऊन बघितला. लघवीचा नव्हता.

मनीचं पाणी गेलं होतं. मी पाट तिथेच टाकला आणि तशीच आतल्या खोलीत गेले.

मनी पलंगावर उताणी होती, दोन्ही पाय भिंतीला उंच लावून. कमरेखाली उशा. मी दारात दिसल्याबरोबर तिला कळलं की मला कळलंय.

"कधीपासून?" मी विचारलं.

"काल संध्याकाळपासून. थोडंथोडंच जातंय, आई. पाय वर ठेवले की थांबतं."

"काल संध्याकाळपासून?" मी म्हटलं. "आणि तू माझ्यासमोर बसून जेवलीस? मला सुई ओवून दिलीस?"

"एकच रात्र राहिलीय. उद्या सकाळी जायचंच आहे ना? आज अमावास्या आहे, आई. बाबा म्हणाले तेव्हा तूही होतीस की तिथे. येणाऱ्याला झेलायला कुणी नसतं."

मी तिच्याकडे बघितलं. ही माझी शिकलेली, नोकरी करणारी, बँकेतल्या माणसाशी हुज्जत घालून त्याला गप्प करणारी पोर. ही चिंध्या चोरून, पाट झाकून, भिंतीला पाय लावून पडली होती.

पुढच्या खोलीत ह्यांच्यासमोर नव्या दुकानाचा मुहूर्त विचारायला आलेलं एक जोडपं बसलं होतं. मी पडदा बाजूला सारून म्हटलं, "आत या." ह्यांनी हाताने थांब म्हटलं. ग्राहकासमोर मी कधी येत नाही. मी पुन्हा म्हटलं, "मनीचं पाणी गेलंय, कालपासून. तुमची लेक अमावास्या टळायची वाट बघतेय."

हे उठले. उठताना खुर्ची पडली, ती त्यांनी उचलली नाही. चेहरा पिठासारखा पांढरा. आत आले, पलंगाजवळ उभे राहिले आणि थेट म्हणाले, "मने, ऊठ. मुहूर्त-बिहूर्त काही नाही. मी मुहूर्त काढलाच नव्हता."

तिला समजेना. मग ह्यांनी सगळं सांगितलं. दाराआडचा फोन, बाईंचा मोकळा दिवस, आणि ही पद्धत एकट्या तिच्यासाठी नाही, सगळ्यांसाठी हेच, हेसुद्धा. मी थक्क झाले. ह्यांनी आपलं गुपित असं भडाभडा ओकलेलं मी कधी बघितलं नव्हतं, आणि तेही बाहेर ग्राहक बसलेले असताना. मला वाटलं, झालं, आता ही उठेल.

ती उठली नाही. तिने बापाचा हात हातात घेतला आणि समजावल्यासारखं म्हणाली, "बाबा, तुम्ही घाबरलात. म्हणून असं बोलताय."

"अगं, खरंच सांगतोय. आईला विचार."

"खरंय," मी म्हटलं. "मी पडद्याआडून शंभरदा ऐकलंय."

"बरं, असेल. फोन केला असेल," मनी म्हणाली. "पण बाईंनी गुरुवारच का सांगितला? आठवड्यात सात दिवस असतात. नेमका पाडवाच त्यांच्या तोंडून का आला? बाबा, तुम्हीच सांगता ना, वेळ आली की ती कुणाच्याही तोंडून बोलते?"

ह्यांचंच वाक्य होतं ते. किती लोकांना सांगितलं असेल त्यांनी, माझ्या पडद्यापलीकडे बसून. आपणच विणलेल्या जाळ्यातून आपल्याच पोरीला कसं बाहेर काढायचं, ते त्यांना कळेना.

मी डॉक्टरबाईंना फोन लावला आणि फोन तिच्या कानाशी धरला. बाई ओरडल्या नाहीत, त्यानेच मला जास्त भीती वाटली. म्हणाल्या, गाडी पाठवते, आत्ता ये, मी तयारी करते. मनी म्हणाली, "उद्या सकाळी येते, बाई. ठरल्याप्रमाणे." बाईंनी मला फोन घ्यायला सांगितलं. "आई, तिला घेऊन या. पण एक लक्षात ठेवा, ऑपरेशनला सही तिचीच लागेल. ती नाही म्हणाली तर माझे हात बांधलेले आहेत."

मी तिच्या दंडाला धरून ओढलं. रडले. शिव्या दिल्या, तिला, ह्यांना, चंद्राला. तिला उचलून न्यावं तर तिसरा मजला, आणि ती पलंगाचा कठडा धरून पडलेली. तिच्या चेहऱ्यावर हट्ट नव्हता. भीती होती. बाळाला आपण वाईट वेळेच्या हवाली करतोय, एवढंच तिच्या डोक्यात होतं. तिला मारावं की कुशीत घ्यावं, मला कळेना.

तेवढ्यात हे खोलीबाहेर गेले. मला वाटलं, पळाले. माझं रक्त असं उसळलं की त्या क्षणी ते समोर असते तर मी काय केलं असतं सांगता येत नाही. पण हे परत आले, हातात पंचांग, कागद आणि पेन्सिल. पलंगाच्या पायथ्याशी जमिनीवर बसले. चष्मा लावला. काहीतरी लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. मग पेन्सिल थांबली.

"मने," हे म्हणाले. आवाज मोठा होता, नेहमीपेक्षा मोठा. "माझी चूक झाली."

मनीने मान वळवली. मीही.

"अमावास्या संपायची वेळ मी पंचांगातून उतरवली, ती तशीच तिकडच्या घड्याळाची राहिली. फरक वजा करायचा विसरलो. ही बघ वजाबाकी. अमावास्या आज दुपारीच संपलीय. आता प्रतिपदा चालू आहे."

मी ह्यांच्याकडे बघत होते. सकाळी ह्याच माणसाने मला सांगितलं होतं की अमावास्या उद्या पहाटेपर्यंत आहे, इथल्या घड्याळाने. तीनदा ताडून बघितलेलं गणित होतं ते.

मनी कोपरावर उठली. "पण बाबा, पाडवा तर उद्या ना?"

"सण सूर्योदयाला असेल त्या तिथीचा, म्हणून तो उद्या. पण जन्माला धरतात ती चालू तिथी. आज संध्याकाळी जन्मलेलं बाळ प्रतिपदेचं, नव्या वर्षातलं. उलट उद्या सकाळची जी वेळ मी धरून बसलो होतो, ती आता सगळी बिघडलीय. चांगली वेळ आजची आहे. ती जातेय."

"तुम्ही वजा करायला विसरलात?" मनीने विचारलं. तिच्या स्वरात धक्का होता, बाळाचा नाही, वजाबाकीचा. "तुम्ही?"

"विसरलो. म्हातारा झालो. नवशिक्याने करावी अशी चूक केली."

पडद्यापलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. ते जोडपं ऐकत होतं, आणि ह्यांना ते माहीत होतं. आवाज खाली करता आला असता. ह्यांनी तो केला नाही. हळू बोललं तर मनीला संशय येईल, एवढंच मनात होतं, असं नंतर मला सांगितलं.

मनीने क्षणभर बापाच्या चेहऱ्याकडे बघितलं. बाबा चूक झाली म्हणतायत म्हणजे झालीच असणार. जो माणूस आयुष्यात कधी चुकलं म्हणाला नाही, तो खोटं खोटं कशाला चुकेल? तिने पाय भिंतीवरून खाली घेतले.

"चपला दे, आई," म्हणाली.

हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये आम्ही दोघं एका बाकावर बसलो, मध्ये एका माणसाची जागा सोडून. मी ह्यांच्याशी बोलत नव्हते. ह्यांच्या हातात अजून पेन्सिल होती. जावई कामावरच्या कपड्यांतच धावत आला आणि समोर येरझाऱ्या घालायला लागला. दार उघडायचं, नर्स बाहेर यायची, आमच्याकडे न बघता निघून जायची. मग डॉक्टरबाई आल्या. टोपी काढून हातात धरली होती. मुलगी आहे म्हणाल्या. नाळ घसरली होती, दबायला लागली होती. बाळ निळं पडलेलं, रडायला वेळ लागला, पण रडलं. मनी ठीक आहे. "आणखी थोडा उशीर झाला असता तर काय, ते मला विचारू नका," म्हणाल्या, आणि मग ह्यांच्याकडे वळून, "कशी आणलीत हो तिला?"

"खोटं बोललो," हे म्हणाले.

बाई टोपी खिशात घालून पुन्हा आत गेल्या.

दुकानाच्या जोडप्याने आपलं काम चोख केलं. महिनाभरात सगळ्या ओळखीच्यांत झालं की ज्योतिषीबुवांना साधी वजाबाकी येत नाही, स्वतःच्या नातवंडाची वेळ चुकवली. लोक येईनासे झाले. ज्यांच्या मुलांची लग्नं ह्यांनी काढलेल्या मुहूर्तावर झाली होती, ते जुन्या तारखा तपासून द्या म्हणायला आले. ह्यांनी एकदाही खुलासा केला नाही. माझ्या मशीनचा आवाज खोलीभर घुमायला लागला. मला ह्यांचा राग होता, तो गेला नव्हता, पण पहिल्यांदाच मी ह्यांना न मागता चहा नेऊन द्यायला लागले.

बाळ महिन्याचं झालं तेव्हा हे मनीला म्हणाले, "पत्रिका करायला घेऊ का?" मनी दुपट्याची घडी घालत होती. तिने वर न बघता म्हटलं, "राहू दे बाबा. हिची पत्रिका तुम्ही नका करू. आपण दुसरीकडून करून घेऊ. राग मानू नका, पण एकदा चूक झालीय ना." हे बरं म्हणाले. स्वयंपाकघरात येऊन पाणी प्यायले, आणि रिकामा पेला तोंडाला लावून तसेच उभे राहिले.

मनी सासरी गेली. पुढे नात कुशीवर वळायला लागली तेव्हा मायलेकी आल्या. आल्याबरोबर मनीने पोरीला माझ्या मांडीवर दिलं आणि पर्समधून छापील पत्रिका काढून ह्यांच्या टेबलावर ठेवली. संगणकवाल्याकडून करून घेतलेली. ह्यांनी बराच वेळ चष्मा शोधून डोळ्यांवर चढवला. मला वाटतं, मुद्दामच वेळ काढत होते.

"बाबा, ह्यात अमावास्या आहे," मनी म्हणाली.

"हो."

"मी म्हटलं यंत्र चुकलं असेल. दुसऱ्याकडे गेले, तोही तेच म्हणाला. म्हणजे तुमचं पहिलं गणितच बरोबर होतं."

"माझं गणित चुकत नाही," हे म्हणाले. एवढ्या महिन्यांनी तोंडातून निसटलंच. मला त्यांच्या डोक्यात इस्त्री घालावीशी वाटली.

मनी खुर्चीत बसली. ग्राहकाच्या खुर्चीत. "म्हणजे तुम्हाला माहीत होतं. माहीत असून अमावास्येला पाठवलंत मला."

"हो."

"आणि त्याआधी जे सांगत होतात, बाईंच्या मोकळ्या दिवसाचं, फोनचं?"

"ते खरं होतं. तू ऐकलं नाहीस."

"सगळं खरं? गुरुवारला काहीच नव्हतं?"

"गुरुवारी बाईंना सकाळी दुसरं ऑपरेशन नव्हतं," हे म्हणाले. "एवढंच होतं."

मला वाटलं, आता ती ओरडेल. मी तयारच होते. मी तिला सांगणार होते की बाई गं, ह्या माणसाने तुझ्यासाठी आपलं नाव मातीत घातलंय, आणि ते नाव म्हणजे त्याच्याकडे होतं नव्हतं तेवढं सगळं. पण ती ओरडली नाही. तिचा चेहरा हळूहळू पडत गेला. त्या बुधवारी पलंगावरसुद्धा तो तसा झाला नव्हता.

"आई," ती म्हणाली, ह्यांच्याकडे न बघता. "मी तुला एक सांगितलं नव्हतं त्या दिवशी."

"काय?"

"सकाळपासून ती हलत नव्हती."

माझा हात पोरीच्या पाठीवर होता, तो तिथेच राहिला.

"रोज उठल्याबरोबर लाथा मारायची. त्या दिवशी एकही नाही. मी पोटावर हात ठेवून पडले होते. मला घाबरायला हवं होतं ना? मी घाबरले नाही, आई. मला बरं वाटलं." तिचा आवाज अगदी साधा होता, बाजारात काय मिळालं सांगावं तसा. "मला वाटलं, किती शहाणी आहे. तिलाही कळलंय. तीही मुहूर्ताची वाट बघत गप्प पडून राहिलीय."

ह्यांनी चष्मा काढला आणि टेबलावर ठेवला. ठेवताना तो काठावरून खाली पडला. कुणी उचलला नाही.

माझ्या मांडीवर पोरगी हात-पाय झाडत होती. मी तिचा एक पाय मुठीत धरला. तिने तो ओढून सोडवून घेतला आणि पुन्हा झाडायला लागली. आम्ही तिघं तिच्याकडे बघत बसलो.